सव्वीस तासांचा प्रवास

अण्णा मोरीपाशी दगडावर बसले होते. दोन्ही पाय समोर लांब पसरलेले, अंगात जुनी खाकी अर्धी विजार, आणि नडग्यांवर आमची चिऊ पालथी पडून खिदळत होती. शेजारच्या भागीरथीकाकू कमरेवर हात देऊन उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. मी कचेरीतून आलो तो थेट परसात गेलो आणि हे दृश्य बघून पिशवी हातात तशीच धरून उभा राहिलो.

"ड्रायव्हर, पाय जवळ घ्या," काकू म्हणाल्या. "पोर मधनं घसरंल. आन् पाणी आधी सोताच्या हातावर घेऊन बघायचं."

अण्णांनी मुकाट्याने पाय जवळ घेतले. चौतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, कराड डेपोत ज्यांना वाहतूक नियंत्रकसुद्धा सांभाळून बोलायचा, ते भागीरथीकाकूंपुढे शिकाऊ परवानाधारकासारखे बसले होते. चिऊ दोन वर्षांची होती, तिला हा सगळा खेळ वाटत होता आणि ती दणादण लाथा मारत होती. अण्णांचा सदरा पुढून पार भिजला होता.

मी विचारलं, हे काय चाललंय. तर काकूच म्हणाल्या, तुझ्या बापाला लेकीचं बाळंतपण करायला जायचंय, शिकवणी लावलीय माझ्याकडं. मला हसू आलं, पण अण्णांचा चेहरा बघून ते मी गिळलं.

ही गोष्ट २००४ सालची. माझी धाकटी बहीण उजू, म्हणजे उज्ज्वला, नर्सिंग शिकली, आधी आखातात गेली आणि तिथून न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये. तिथंच तिनं बिजू नावाच्या केरळच्या मुलाशी लग्न केलं. तोही नर्सच. लग्न झाल्यावर कळवलं, हे अण्णांना लागलं. "आधी सांगितलं असतं तर मी काय आडवा पडलो असतो का?" एवढं एकदाच म्हणाले आणि मग चार वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. आई त्याआधीच गेली होती, त्यामुळे दोघांच्या मधे पडणारं घरात कुणी उरलं नव्हतं. मी मधे पडायला हवं होतं, पण मला ती कला कधी साधली नाही.

मग त्या श्रावणात एका रविवारी सकाळी दहाला, उजू दर आठवड्याला मला करायची तो फोन आला. योगायोगानं तो अण्णांनीच उचलला. ती म्हणाली, अण्णा, मला दिवस गेलेत, डिसेंबरात बाळंतपण आहे. इथं माझं कुणी नाही. बिजूच्या आईला तर अंथरुणावरून उठता येत नाही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी येतो."

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. आता माहेरात आई नाही आणि लेक सातासमुद्रापलीकडे, तर माहेरच उचलून तिकडे न्यायचं, असा अण्णांचा साधा हिशेब होता. गल्लीत लोक हसले. बाप्यामाणसाचं तिथं काय काम, असं दोघीतिघी तोंडावर म्हणाल्यादेखील. अण्णांनी कुणाचं ऐकलं नाही. पासपोर्ट काढला, पोलीस चौकशीला आलेल्या हवालदाराला चहा पाजून बाळंतिणीला शेक कसा देतात ते सांगितलं, डिंक निवडून ठेवला आणि भागीरथीकाकूंची शिकवणी लावली. सहासष्टाव्या वर्षी त्यांच्या चालण्यात एकदम उमेद आली होती.

अडचण एकच होती. आदल्या वर्षी अण्णांच्या डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, तीन आठवडे दवाखान्यात काढले होते. त्यामुळे डॉक्टर इनामदारांची परवानगी लागणार होती. मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, कागद चाळले आणि स्पष्ट सांगितलं, की विमानाचा सगळा प्रवास मिळून वीस तासांच्या आत होत असेल तर जा, मधे मधे उठून चाला, मोजे देतो ते घाला. त्याहून जास्त होत असेल तर मी जा म्हणणार नाही आणि माझं न ऐकता गेलात तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका.

अण्णांनी हे अगदी मान्य केलं. नोकरीत त्यांनी ड्युटीचे तास कधी मोडले नव्हते. दुसरा ड्रायव्हर आला नाही तरी नियमापेक्षा जास्त गाडी ओढायची नाही, भले प्रवासी शिव्या देवोत, हा त्यांचा बाणा होता. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "दिगू, किती लांब हाय ते आन् किती तास लागत्यात, नीट काढून आण. अंदाजपंचे नगं."

आता माझी बाजू सांगतो. माझी बायको सुलभा पाटणच्या पुढे एका शाळेत शिक्षणसेवक होती. तीन वर्षं मानधनावर काढायची आणि मग कायम व्हायचं, अशी ती योजना. तिचं तिसरं वर्ष चालू होतं, जूनमध्ये ती कायम होणार होती. सकाळी सातच्या गाडीनं जायची ती संध्याकाळी साडेसहाला यायची. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली आमची चिऊ दिवसभर अण्णांकडे असायची. अण्णा तीन-चार महिने गेले तर चिऊला कोण बघणार, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारला नव्हता. सुलभानं तर नाहीच. ती फक्त त्या दिवसांत जेवताना गप्प असायची आणि चिऊला जवळ घेऊन झोपायची. तिची आई नव्हती, माझी नव्हती, आणि परक्या बाईच्या हातात पोर द्यायला तिचं मन घेत नव्हतं. तिनं नोकरी सोडली असती. त्या नोकरीसाठी तिनं काय काय सोसलं होतं ते मला माहीत होतं.

बसस्टँडजवळ विमानाची तिकिटं काढून देणारं एक ऑफिस नवीनच निघालं होतं. तिथले काळे नावाचे गृहस्थ संगणकावर बोटं चालवत म्हणाले, मुंबई ते ऑकलंड हवाई अंतर साधारण बारा हजार तीनशे किलोमीटर. सरळ विमान नाही, सिंगापूरला बदलायचं. मग त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं: सोमवारी रात्री दहा पन्नासला मुंबईहून निघणार, मंगळवारची मध्यरात्र उलटून बुधवार लागल्यावर बारा पन्नासला ऑकलंडला पोचणार. मी आणखी काही विचारणार तेवढ्यात त्यांना फोन आला. मी चिठ्ठी खिशात घालून घरी आलो.

अण्णा वाटच बघत होते. अंतर ऐकून आधी त्यांनी आपल्या मापात ते बसवलं. "मुंबई-कराड एकोणचाळीस खेपा," म्हणाले. "म्हंजी माझी सव्वा महिन्याची ड्युटी." मग विचारलं, मधे थांबा कुठं आहे, जेवायची सोय आहे का, उतरून पाय मोकळे करता येतात का. मी सांगत गेलो. शेवटी आम्ही दोघांनी मिळून तास मोजले. सोमवार रात्री दहा पन्नास ते मंगळवार रात्री दहा पन्नास चोवीस, आणि पुढे बारा पन्नासपर्यंत दोन.

"सव्वीस," अण्णा म्हणाले.

पुन्हा मोजले. पुन्हा सव्वीसच भरले. अण्णांनी चिठ्ठी माझ्या हातात परत दिली आणि चिऊला घेऊन मारुतीच्या देवळाकडे गेले. त्या संध्याकाळी भागीरथीकाकू शिकवणीला आल्या तेव्हा अण्णांनी त्यांना सांगितलं, आज राहू दे.

इथपर्यंत माझा काही दोष नव्हता. मी देवाशप्पथ सांगतो, मला ते सव्वीसच वाटले होते. पाटबंधारे खात्यातला कारकून मी, उजू सोडली तर माझ्या दहा पिढ्यांत कुणी विमानात बसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा काळ्यांकडे गेलो. मनात होतं की याहून कमी वेळाचं एखादं विमान असेल तर बघावं. मी सव्वीस तास म्हणालो तर ते खुर्चीत मागे रेलून हसायला लागले.

"साळुंखे, तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढं. तेवढे वजा करा."

मी वजा केले. साडेअठरा. डॉक्टरांच्या वीस तासांच्या दीड तास आत. काळे म्हणाले, वाटेत चालायला सिंगापूरला तीन तास मिळतात, वडिलांना बिनधास्त पाठवा, तिकीट लिहू का. मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.

घरी सांगायचंच, असं ठरवून मी निघालो होतो. वाटेत चिऊसाठी केळीसुद्धा घेतली. घरात पाय टाकला तर सुलभा त्या दिवशी लवकर आलेली, स्वयंपाकघरात गुणगुणत होती. कित्येक दिवसांत मी तिला तसं ऐकलं नव्हतं. मला बघून ती हळू आवाजात म्हणाली, अण्णांचं जाणं रद्द होतंय हे ऐकून वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण आज वर्गात उभी होते तेव्हा पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. हे सांगताना तिचे डोळे भरले आणि तिला त्याची लाजही वाटली. मी हातपाय धुतले आणि पानावर बसलो.

अण्णा समोर बसले होते. त्यांनी भाकरी मोडली आणि मधेच विचारलं, "दिगू, इमान तासाला किती पळतं रं?"

"नऊशे असेल."

"मग बारा हजार तीनशेला चौदा तास बी लागत न्हाईत." ते भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत होते. "बाकीचे बारा तास ते सिंगापूरला हुबंच ऱ्हातंय का?"

बोलायचं होतं ते तेव्हाच. अण्णांनी दार पुरतं उघडून दिलं होतं. मला नुसतं आत जायचं होतं: अण्णा, चूक झाली, घड्याळाचा फरक धरायचा राहिला. एक वाक्य होतं. सुलभा भाकरी थापायची थांबली होती, निदान मला तसा भास झाला.

"हो," मी म्हणालो. "तिथला थांबा मोठा आहे."

अण्णांनी मान हलवली. तुकडा कालवणात बुडवला, खाल्ला, आणि चिऊला मांडीवर घेऊन तिला भरवायला लागले. पुढे त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. जेवण झाल्यावर उठता उठता फक्त सुलभाला म्हणाले, "तू बिनघोर शाळंला जात जा, पोरी. हिला बघायला मी हाय."

सुलभाला मी खरं कधी सांगितलं नाही. तिला ते सांगणं म्हणजे निम्मं ओझं तिच्या डोक्यावर देणं झालं असतं. निदान तेवढा हलकटपणा मी केला नाही.

रविवारी सकाळी मी बाजारात गेलो होतो. परत आलो तर अण्णा फोनशेजारच्या स्टुलावर बसलेले. उजूचा फोन येऊन गेला, तिला जमत नाही म्हणून सांगितलं, एवढंच म्हणाले. ती काय म्हणाली, असं मी विचारलं. "काय म्हनंल. समजून घेतलं तिनं." निवडलेला डिंक त्यांनी त्याच दिवशी भागीरथीकाकूंच्या सुनेला देऊन टाकला. तिलाही सातवा महिना होता.

डिसेंबरात उजूला मुलगा झाला. तीस तास कळा देऊन शेवटी ऑपरेशन करावं लागलं आणि तिसऱ्या दिवशी ती पोराला घेऊन रिकाम्या घरी गेली, कारण बिजूची रजा संपली होती. हे मला फार उशिरा कळलं. आम्हाला तेव्हा फक्त दोन ओळींचा निरोप आला. त्यानंतर तिचे रविवारचे फोन थांबले. दिवाळीला आणि राखीला माझ्याशी दोन शब्द बोलायची, अण्णांना फोन दे म्हणायची नाही. अण्णा मात्र दर रविवारी दहाच्या सुमाराला दाढी करून, धुतलेला सदरा घालून स्टुलावर बसायचे. अकरा वाजले की उठायचे.

सुलभा जूनमध्ये कायम झाली. पेढे अण्णांनीच वाटले.

अण्णा २००७ साली गेले, हृदयविकारानं, दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता. मी उजूला कळवलं. ती म्हणाली, बरं. दहाव्याला येतेस का विचारलं तर म्हणाली, नाही जमणार. तिचा आवाज इतका कोरडा होता की मलाच तिचा राग आला. माझा निर्लज्जपणा बघा, मला तिचा राग आला.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. चिऊला नोकरी लागली होती, तिनंच तिकीट काढून दिलं आणि म्हणाली, बाबा, एकदा आत्याला भेटून या. सुलभाला तिच्या शाळेतून रजा मिळेना, म्हणून मी एकटाच गेलो. विमानतळावर उजू आली होती. केस पांढरे झालेले, चालणं थेट अण्णांचं. मिठी मारून रडली. चार दिवस तिनं माझं सगळं केलं, समुद्र दाखवला, पिठलं-भाकरी खाऊ घातली.

पाचव्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी भाजी चिरत होती आणि मी टेबलाशी शेंगा सोलत होतो. बोलता बोलता अण्णांचा विषय निघाला. तोवर आम्ही दोघंही तो टाळत होतो.

"दादा, मला त्यांच्या एकाच गोष्टीचा राग आहे," ती म्हणाली. "लग्नाचं मी विसरले. पण ते आले नाहीत ते नाही विसरता येत. आणि कारण काय, तर म्हणे विमानाची भीती वाटते."

मी सोलता सोलता थांबलो. म्हणालो, भीती? असं कुणी सांगितलं?

"त्यांनीच. त्या रविवारी आधी म्हणाले, डॉक्टर वीस तासांच्या वर नको म्हणतात. मी त्यांना म्हटलं, अण्णा, लांब वाटतं पण अठरा-साडेअठरा तास तर लागतात. डॉक्टर वीस म्हणालेत ना? तर ते म्हणाले, ठाऊक हाय गं मला साडेअठरा हायेत ते. पर मलाच भ्या वाटतंय इमानाचं. दिगूला काय बोलू नगंस, त्यानं लई धावपळ केली." तिनं सुरी खाली ठेवली. "खंबाटकीत ब्रेक गेल्यावर गाडी डोंगराला घासून पंचेचाळीस माणसं जिवंत उतरवणारा माणूस. मला म्हणे विमानाची भीती. मी काय दूधपितं पोर होते का? मला वाटलं, लग्नाचा राग अजून गेला नाही, तो असा काढला. ऑपरेशनच्या टेबलावर मी तेच घोळवत पडले होते, दादा."

अण्णांना माहीत होतं. जेवताना त्यांनी मला विचारलं तेव्हाच बहुतेक त्यांनी ताडलं होतं, आणि रविवारी उजूनं आकडा सांगितल्यावर पक्कं झालं. मुलानं आपल्याला अडवलंय, त्याला तोंडानं सांगता येत नाही, म्हणून त्यांनी माझं खोटं आपल्या अंगावर घेतलं. लेकीच्या नजरेत भित्रे ठरले आणि नंतर तीन वर्षं माझ्या घरात, माझ्या पोरीला खेळवत, माझ्यासमोर रोज जेवत राहिले. एकदाही त्यांच्या नजरेत मला ते दिसलं नाही.

मी सांगितलं. चिठ्ठी, सव्वीस, काळे, सुलभाचं गुणगुणणं, जेवताना त्यांनी विचारलेला प्रश्न आणि माझं उत्तर. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. उजू मला पाठमोरी होती. मला वाटलं ती ओरडेल, घालवून देईल. तसं तिनं मला घालवून दिलं असतं तर मी बॅग उचलून निघालो असतो.

ती वळली नाही. ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "मी त्यांच्या दहाव्याला आले नाही, दादा."

एवढ्यात तिचा मुलगा नील खाली आला. एकोणीस वर्षांचा, उंच, मराठी तोडकंमोडकं पण गोड बोलतो. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसला, दोन शेंगा तोंडात टाकल्या आणि हसत म्हणाला, मामा, तुम्ही एकटे आले, ग्रेट. आमच्या घरात विमानात कुणी घाबरलं की आम्ही त्याला अण्णाआजोबा म्हणतो. मम्मीनंच सुरू केलं ते. बस चालवायचे आणि विमानाला घाबरायचे, ना?

उजूनं डोळे पुसले आणि वळली. "नील," ती म्हणाली, "मामा तुला काहीतरी सांगणार आहे. नीट ऐक."

मग मी त्याला पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्याला समजावं म्हणून सोपं करून, सावकाश. त्यामुळे काही लपवायला जागाच उरली नाही. माझं संपल्यावर तो त्याच्या आईकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"म्हणजे तुम्ही खरं सांगितलं असतं," तो शब्द जुळवत म्हणाला, "तर आजोबा आले असते? मला बघायला?"

"आले असते," मी म्हणालो.